आधी गोळी, मग पान

बदलापुरात मोठा पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मला तिथल्या एका आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी लागली. आमचं घर अंबरनाथला. वडील फॅक्टरीत, आई घरी शिवणकाम करायची, आणि घरातली पहिली पगारदार मुलगी मी. कामाचा उत्साह एवढा होता की जिथे जायला दुसरं कोणी तयार नसायचं तिथे मी आपणहून हात वर करायचे. बारवी धरणाच्या रस्त्याकडची ती कातकरी वाडी अशीच माझ्या वाट्याला आली.

रिक्षा डांबरी रस्त्यावर सोडायची. एका अंगाला कुठल्याशा शेठच्या नव्या फार्महाऊसचं तारेचं कुंपण, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि मधून निसरडी पायवाट. ओढा ओलांडून वर गेलं की उतारावर कुडाची घरं दिसायची. काही घरांना सरकारी योजनेतल्या विटांच्या भिंती होत्या, पण बायका बसायच्या कुडाच्याच घरासमोर. विटांच्या घरात गुदमरतं म्हणायच्या.

माझं तिथलं काम टीबीच्या गोळ्यांचं. गोळ्या पेशंटच्या हातात देऊन निघून यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आठवड्यातून तीनदा जायचं, समोर उभं राहायचं आणि गोळी घशाखाली उतरलेली डोळ्यांनी बघायची. सहा महिने यात खंड पडता कामा नये.

वाडीतली माझी पेशंट तिशीतली एक बाई होती. चिंबोऱ्या, म्हणजे ओढ्यातले खेकडे, पकडण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. ओढ्यातल्या खडकाखाली ती बेधडक हात घालायची आणि नांगीसकट जिवंत चिंबोरी बाहेर काढायची. बदलापूर स्टेशनच्या बाहेर पाटी घेऊन बसली की तासाभरात पाटी रिकामी व्हायची. मी तिला मनातल्या मनात चिंबोरीवालीच म्हणायचे. उन्हाळ्यात तिला खोकला लागला, मग थुंकीत रक्त दिसलं, आणि तपासणीत टीबी निघाला.

पहिल्या आठवड्यात तिने गोळ्या घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात मी गेले की घराच्या दाराला काठी आडवी लावलेली. नवरा अंगणात जाळं विणत बसलेला.

"कुठे गेली?"

"असंल कुठं," एवढंच तो म्हणायचा.

दोन खेपा मी तशीच परत आले. तिसऱ्या खेपेला शेजारच्या बाईला माझी दया आली असावी. तिने हनुवटीनेच टेकडीच्या बाजूला खूण केली. "आंब्याखाली बघा, बाय. खेळतं बसलीय."

आंब्याखाली ताडपत्री ताणलेली होती. खाली गोणपाट अंथरून सात-आठ जणी आणि दोन म्हातारे गोल करून बसले होते. मध्ये एक बांबूची टोपली. प्रत्येकाच्या पुढ्यात चिंचोक्यांची छोटी रास आणि हातात पत्ते. माझी पेशंट पदर कमरेला खोचून, मांडी घालून, पत्ते छातीशी धरून बसलेली. तीन पत्ती चालली होती.

माझ्या घरात पत्त्यांचा कॅटसुद्धा कधी आला नव्हता. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा दारू आणि जुगार या दोन गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवल्या, त्या आत येऊ द्यायच्या नाहीत, हे वडिलांचं ठाम मत. त्यातून आमच्या चाळीतल्या एका घराची मटक्यापायी झालेली धूळधाण मी लहानपणी पाहिली होती. तो माणूस रोज उल्हासनगरला जाऊन आकडा लावायचा. त्याच्या बायकोचं रडणं पत्र्यातून ऐकू यायचं. जुगार म्हटलं की मला ते रडणं आठवायचं.

तेव्हा मी जरा आवाज चढवूनच म्हणाले, "ताई, मी तुमच्यासाठी ओढा ओलांडून येते आणि तुम्ही इथे जुगार खेळत बसलात?"

कोणी दचकलं नाही. पत्ते लपवायचीही कोणी घाई केली नाही. गोलातली सगळ्यात म्हातारी बाई, जिच्या कानांच्या पाळ्या खांद्याला टेकायला आल्या होत्या, ती मान न वळवता म्हणाली, "बस बाय. डाव चाललाय."

मी उभीच राहिले. डाव संपला. माझी पेशंट हरली, हसली आणि मग माझ्याकडे वळली.

"गोळी घेतली का मळमळतं. दोनदा वकले. लघवी लाल होतंय. रिकाम्या पोटात ती गोळी जाती नि इस्तवासारखी बसती."

"रिकाम्या पोटी कशाला घेता? खाऊन घ्यायची."

"काय खाऊन?" म्हातारीने विचारलं.

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं होतं. श्रावण चालू होता. लावण्या उरकलेल्या, दुसऱ्याच्या शेतावरचं काम संपलेलं, वीटभट्ट्या बंद. चिंबोरीवालीला ताप यायचा म्हणून ओढ्यात उतरणं थांबलेलं. मी विषय लाल लघवीकडे वळवला आणि समजावून सांगितलं. ते रक्त नाही, गोळीचाच रंग आहे. रंग दिसला म्हणजे औषध अंगात पोचलं असं समजायचं.

म्हातारीला हे फारच आवडलं. "म्हंजे लबाडी करता येत नाय," ती बाकीच्यांना म्हणाली. "गोळी फेकली तर रंग नाय."

सगळ्या जणी हसल्या. मग म्हातारीने टोपलीत हात घातला. टोपलीत काय आहे ते तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तांदूळ होते, सुकट होती, वालाचे दाणे होते, मोहाची वाळवलेली फुलं होती. एक चिंचोका म्हणजे एक मूठ, असा हिशेब होता. ज्याच्या घरी जे असेल ते. म्हातारीने मूठभर तांदूळ काढून माझ्या पेशंटपुढे धरले. "घे. पेज कर नि गोळी घे."

तिने तोंड फिरवलं. "जिंकले नाय तं टोपलीतलं कशाला खाऊ?"

"पेशंट आहेस तू," मी मध्ये बोलले.

"पेशंट हाय, भिकारी नाय."

 मला वाटलं आता भांडण होणार. म्हातारीने तांदूळ परत टोपलीत टाकले, जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं. मंग उद्यापासून खेळाच्या आधी समद्यांनी एकेक मूठ टाकायची. पेज व्हईल. खेळणारा प्रत्येक जण पिईल. पेज पिल्याबिगर कोणाला पान नाय." मग माझ्या पेशंटकडे बोट करून, "नि हिला पेजंबरुबर गोळी. आधी गोळी, मंग पान."

याला मात्र ती कबूल झाली. सगळेच पिणार म्हटल्यावर तिला नाही म्हणायचं कारण उरलं नाही.

त्यानंतर माझी वाट ठरून गेली. रिक्षा, ओढा, आंबा. मी पोचेपर्यंत तीन दगडांवर पेज शिजत असायची. पहिला पेला चिंबोरीवालीला, दुसरा मला. पहिल्या दिवशी मी नको म्हणाले तर म्हातारी म्हणाली, "गोलात बसायचं तर पेज प्यायची. नसंल प्यायची तं तिकडं उभी राहा, उन्हात." मी प्याले. वरून सुकटीची चटणी. एवढी चवदार पेज मी नंतर कुठे प्याले नाही.

गोळी घेण्याचा तर सोहळाच व्हायचा. चिंबोरीवाली गोळ्या तोंडात टाकायची, पाणी प्यायची, आणि माझ्याआधी तिच्या शेजारणीच ओरडायच्या, "आ कर! जीब वर कर! गालात नाय ना दाबली?" ती आ करून गोलात सगळ्यांना तोंड दाखवायची. मग म्हातारी पत्ते पिसायला घ्यायची.

ते पत्ते बघण्यासारखे होते. दमटपणाने फुगून पावासारखे झालेले. चौकटची दुर्री कधीतरी हरवलेली, तिच्या जागी काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा. तो मागूनही ओळखू यायचा. म्हणजे ज्याच्या हातात तो तुकडा, त्याच्याकडे चौकटची दुर्री आहे हे सगळ्या गोलाला माहीत. पण कोणी तसं दाखवायचं नाही. ज्याच्याकडे तुकडा तो खुशाल मोठं पान असल्याचा आव आणायचा आणि बाकीचे गंभीर चेहऱ्याने विचारात पडायचे. मी एकदा न राहवून म्हणाले, "अहो, त्यांच्याकडे दुर्री आहे, दिसतंय की!" तेव्हा गोलातला एक म्हातारा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, जणू मी कोणाच्या घरात विचारल्याशिवाय घुसले होते. "दिसलं तरी बघायचं नाय," तो म्हणाला.

हळूहळू मला तिथल्या रीती कळत गेल्या. ज्याचे चिंचोके संपले, त्याला जिंकत असलेल्याने आपल्यातले द्यायचे आणि परत खेळात घ्यायचं. कोणी हात झटकून बाजूला बसलं की खेळ थांबायचा. जिंकणाऱ्याने मध्येच उठायचं नाही. आणि ऊन कलायला लागलं की ज्याच्यापुढे जास्त चिंचोके त्याची टोपली, आणि टोपली ज्याच्याकडे, चूल त्याची. त्या संध्याकाळी वाडीतली पोरं त्याच्या दारात जेवायची. टोपलीत काय आलं यापेक्षा आज आपल्या दारात पोरं येणार, याचाच आनंद जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त दिसायचा. जिंकलेली बाई घरी जाताना अशी चालायची की जणू लेकीचं लग्न ठरवून आलीय.

गोलात नुसतेच पत्ते नव्हते. कोणाच्या मुलीला कुठल्या वाडीतून मागणी आली, कोणाचं कोणाशी बिनसलंय, धरणाच्या कुठल्या अंगाला मासा चढलाय, कुठल्या मुकादमाच्या भट्टीवर यंदा जायचं नाही, सगळं तिथेच बोललं जायचं, पत्त्यावरची नजर न काढता. एकमेकींशी अबोला धरलेल्या दोघी जावा होत्या. म्हातारी त्यांना मुद्दाम शेजारी बसवायची. चाल आली की एकीला दुसरीला सांगावंच लागायचं. "तुझी चाल" एवढं तरी. आठ-दहा दिवसांत त्या दोघी एका विडीवर आल्या.

भाद्रपदात एका आठवड्यात चिंबोरीवाली ओळीने जिंकत गेली. रोज टोपली तिच्याकडे, रोज चूल तिची. तिच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं होतं. मला वाटलं, सगळं उमगलं. मी म्हातारीकडे बघून हळूच म्हणाले, "आजी, तुम्ही सगळे मुद्दाम हरताय ना तिच्यासाठी?"

माझं बोलणं कौतुकाचं होतं. म्हातारीचा चेहरा मात्र उतरला. तिने पत्ते खाली ठेवले.

"असं कोणापुढं बोलू नको, पोरी. खोटं हरलो तं ती भीक झाली. तिला कळंल नि ती उद्या यायची नाय. आमी खरं खेळतो. मी काल रातभर विचार करीत व्हते, कशी हरले म्हणून."

"मग ती सारखी कशी जिंकते?"

"नशीब फिरतं. आज तिच्या दारात हाय. उद्या माझ्या येईल. आपण निस्तं बसून ऱ्हायचं, गोल मोडायचा नाय."

तिच्या बोलण्यावर माझा लगेच विश्वास बसला नाही. पण पुढच्याच आठवड्यात चिंबोरीवाली अशी हरायला लागली की विचारू नका. कोणीही तिला एक चाल सोडली नाही. त्या आठवड्यात तिच्या पोरी दुसऱ्यांच्या दारात जेवल्या, आणि ती पत्त्यांना शिव्या देत पेज पीत राहिली. तेव्हा मला पटलं.

घरी मी हे सगळं सांगायचे. आईला गंमत वाटायची. वडील पेपरमागून डोकं काढायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "पत्ते ते पत्तेच. तू तिथे गोळ्या द्यायला जातेस, तेवढंच कर." मी विषय सोडला. पण काडेपेटीच्या पुठ्ठ्याची गोष्ट त्यांनी ऐकली असावी. पुढच्या रविवारी ते उल्हासनगरच्या बाजारात बूट घ्यायला गेले आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक छोटी वस्तू माझ्या पर्सशेजारी ठेवली. आत पत्त्यांचा नवा कोरा कॅट होता.

"दुकानदार सिंधी होता," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "विचारत होता, कोणता पाहिजे, प्लास्टिकचा की साधा. मला काय माहीत! म्हटलं भिजेल असा नको." आणि जरा थांबून, "माझं नाव सांगू नकोस तिथे."

मी तो कॅट घेऊन गेले. वाडीत मोठा आनंद झाला. म्हातारीने हात पुसून पानं हातात घेतली, पण ती इतकी गुळगुळीत की पिसताना सगळी गोणपाटावर सांडली. दोन डाव कसेबसे झाले. कोणाच्या हातात काय आहे काहीच कळेना, कोणाला खोटा आव आणायला मजा येईना. शेवटी चिंबोरीवाली म्हणाली, "ह्ये लय शिकलेलं पत्तं हाय, बाय. आमचंच बरं." नवा कॅट पोरांकडे गेला. पोरांनी त्यांचे बंगले बांधले. मी वडिलांना सांगितलं, सगळ्यांना फार आवडले. तेवढं खोटं मी बोलले.

याच सुमाराला कोणीतरी आमच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं की नवी सिस्टर जुगाराच्या अड्ड्यावर बसून सरकारी गोळ्या वाटते. डॉक्टर सज्जन होते, पण घाबरट. त्यांनी मला बोलावलं.

"हे खरं आहे का, सिस्टर?"

"खरं आहे, सर."

"अहो, उद्या वरून कोणी आलं तर मी काय सांगू?"

"तुम्ही एकदा येऊन बघा, सर."

ते खरंच आले. स्कूटर रस्त्यावर लावून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी ओढा ओलांडला. म्हातारीने त्यांनाही पेजेचा पेला धरला. "डागदर, पेज घे. मंग काय बोलायचं ते बोल." डॉक्टर गोणपाटाच्या कडेला उकिडवे बसले. चिंबोरीवालीने गोळ्या घेतल्या. "आ कर, जीब वर कर" झालं. एका बाईने तर डॉक्टरांनाच दटावलं, "तुमी पण बघा ना वाकून, निस्तं बसलाय काय!" डॉक्टरांनी वाकून बघितलं. मग त्यांनी तिला शेजारी बसवून पाठीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग पेज संपवली.

उतरताना ओढ्याजवळ त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, त्या पलीकडच्या वाडीतला पेशंट गोळ्या चुकवतो ना? तिथे असा काही खेळ चालतो का बघा."

नवरात्रात चिंबोरीवालीला अचानक ताप भरला. टीबीचा नव्हे, साधा हिवताप होता, पण ती उठू शकेना. मी आधी तिच्या घरी जाऊन गोळी दिली आणि मग आंब्याखाली गेले, तर म्हातारी पत्ते वाटत होती आणि रिकाम्या जागेपुढेही तीन पानं टाकत होती.

"ही कोणाची?"

"तिची."

"ती तर झोपलीय घरी."

"झोपलीय, मेली नाय," म्हातारी म्हणाली. "पान बंद केलं म्हंजे माणूस गेलं." तिच्या वतीने पत्ते शेजारणीने उचलले, तिच्या चिंचोक्यांतून चाल खेळली, आणि हरली तेव्हा मनापासून हळहळली. "आता ती मला शिव्या घालंल," असं म्हणाली. माझ्या पुढच्या खेपेला तिची पानं जिंकली, तेव्हा टोपली तिच्या घरी पोचवली गेली. ती तापात उठून बसली आणि विचारू लागली की कोणत्या पानावर जिंकले, कोणी पॅक केलं, कोण शेवटपर्यंत होतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवून उभी होते. ताप होता, पण डोळे चमकत होते. औषधाने हे होत नाही, हे मला नर्स म्हणून सांगायला हरकत नाही.

खरी अडचण दिवाळीनंतर आली. दरवर्षी दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. ट्रक येतात, भांडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन सगळे वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर जोडीने काम लागतं. एकाने चिखल मळायचा, एकाने वीट पाडायची. चिंबोरीवाली आणि तिचा नवरा ही वाडीतली नावाजलेली जोडी होती. पण तिच्या गोळ्या अजून माघापर्यंत होत्या. भट्टीच्या धुरात आणि धुळीत ती गेली तर केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. आणि ती राहिली तर नवऱ्याला जोडीदार नाही.

मुकादम ट्रकची वर्दी देऊन गेला, त्या दुपारी गोलात कोणी पत्ते वाटले नाहीत. नवरा पहिल्यांदाच तिथे येऊन बसला होता.

"मी जाईन," चिंबोरीवाली म्हणाली. "बरं वाटतंय आता."

"नाही," मी म्हणाले. "ताई, बरं वाटतं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात आणि मग दुसऱ्यांदा तो आजार उठतो तेव्हा ऐकत नाही."

नवरा जमिनीकडे बघत होता. "मंग मी एकटा काय करू?"

तिच्या जागी जाण्यासारखे वाडीत तिघे होते. तिचा दीर, तिचा सख्खा भाऊ, आणि शेजारचा एक मासे धरणारा माणूस. तिघांनीही यंदा वाडीतच राहायचं ठरवलेलं होतं. दिराची बायको बाळंत व्हायची होती. भावाने काकडी लावली होती. शेजाऱ्याला कसलंच कारण नव्हतं, त्याला नुसता धरणाचा नाद होता. मला वाटलं, सरळ आहे, भावाने जावं, नाहीतर दिराने. मी तसं बोलणारच होते. पण म्हातारीने पत्ते पिसून गोणपाटावर पालथे पसरले.

"तिघांनी एकेक उचला. ल्हान पान, तो जाईल."

दिराने उचललं, राणी. भावाने उचललं, सत्ती. शेजाऱ्याने बराच वेळ हात फिरवला. मग त्याने नेमका काडेपेटीचा पुठ्ठा उचलला.

गोलात जो हशा उसळला तो खालच्या फार्महाऊसपर्यंत गेला असेल. कारण तो तुकडा सगळ्यांना दिसत होता, त्यालाही दिसत होता. त्याने मुद्दाम उचलला की न बघता, हे मला आजही सांगता येणार नाही. दिसलं तरी बघायचं नाही, हा तिथला नियम, आणि कोणी विचारलंही नाही. तो फक्त म्हणाला, "निघालं पान तं निघालं. माझं जाळं कोणी फाडू नका," आणि उठून कोंबड्या डालायला गेला.

उतरताना मी म्हातारीला विचारलं, "भाऊच गेला असता की. नातं तर त्याचं होतं."

"नात्यानं पाठवला असता तं त्याच्या बायकोनं हिला जलमभर ऐकवलं असतं, तुज्यापायी माजी काकडी गेली. पानानं पाठवला. पानाशी कोण भांडंल?"

ट्रक गेले. वाडीत मोजकी माणसं उरली. गोल लहान झाला, पण मोडला नाही. मी थंडीत जायचे तेव्हा गोणपाट उन्हात सरकवलेलं असायचं आणि पेजेला पातळपणा आलेला असायचा. गेलेल्यांचीही पानं वाटावीत का, यावर एकदा वाद झाला. म्हातारीने सांगितलं, त्यांचा तिकडं गोल असेल, दोन ठिकाणी पान नाही.

माघात चिंबोरीवालीची थुंकी तपासली. साफ निघाली. मी रिपोर्ट घेऊन धावतच वर गेले, ओढ्यात एक चप्पलही गेली. तिला सांगितलं तेव्हा ती डाव खेळत होती. तिने ऐकलं, मान हलवली आणि चाल केली. मला जरा वाईट वाटलं. मग पाहिलं, तिने पत्ते सगळ्यांना दिसतील असे धरले होते. शेजारणीने तिच्या मांडीवर हात ठेवला होता आणि नजर मात्र स्वतःच्या पत्त्यांवर होती.  डाव संपल्यावर ती उठून माझ्यापुढे आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाय, आता गोळीबिगर पान मिळंल ना?"

पुढच्या पावसात ती परत ओढ्यात उतरली. तिचा नवरा, आणि तिच्या जागी गेलेला तो शेजारी, भट्टीवरून परत आले. शेजाऱ्याने म्हणे तिकडे दिवसाला कोणीही पाडणार नाही एवढ्या विटा पाडल्या आणि रोज धरणाच्या नावाने उसासे टाकले. तिने त्याचे आभार मानले नाहीत. चिंबोऱ्यांची पहिली पाटी भरली तेव्हा ती बाजारात न नेता त्याच्या दारात ठेवून आली, एवढं मला कळलं.

दोन वर्षांनी माझी बदली उल्हासनगरला झाली. लग्नही ठरलं होतं. निरोप घ्यायला मी वाडीवर गेले. चिखलोलीच्या बाजूला तेव्हा इमारतींचे सांगाडे उभे राहायला लागले होते आणि ओढ्यावर मोरी झाली होती, त्यामुळे साडी न भिजवता जाता आलं. मी आईकडून शिवून आणलेली एक गोधडी म्हातारीसाठी नेली होती. मनात भाषणही तयार केलं होतं.

भाषण करायला कोणी जागाच दिली नाही. कर्जतकडच्या वाडीतून एक नवी सून आली होती. तिच्या माहेरी तीन पत्ती वेगळ्या रीतीने खेळतात म्हणे, तिथे जिंकणारा उठू शकतो. तिला गोलात घ्यायचं की आधी शिकवायचं, यावर जोरदार भांडण जुंपलं होतं. चिंबोरीवाली गुडघ्यांवर उभी राहून हातवारे करत होती, "तिला बसू दे! बसल्याबिगर कशी शिकंल?" दोघी जणी तिच्या बाजूने, तिघी विरुद्ध. नवी सून गोंधळून चिंचोके मुठीत धरून उभी होती.

म्हातारीने मला बघितलं, गोधडी हाताने चाचपली आणि आपल्या मांडीवर घेतली. "चांगली हाय," ती म्हणाली. मग थोडी सरकून तिने आपल्याशेजारी जागा केली. "बस. तुला काय वाटतं, बाय? हिला पान द्यावं का?"

मी म्हणाले, "द्यावं, आजी."

"ऐकलं?" म्हातारी सगळ्यांवर ओरडली. "बाय म्हनते द्या." आणि त्या सुनेला मनगटाला धरून खाली बसवून तिने पत्ते पिसायला घेतले.